परतणाऱ्यांची कडी

१

कडी गेल्याचं सगळ्यांत आधी हुर्मतबीबीला कळलं, आणि हुर्मतबीबीला कळलं म्हणजे नदीपलीकडच्या जर्दाळूच्या बागांतही कळलं.

"चोरली! ख्वाजांची कडी चोरली हो!"

मी तेव्हा झुलाय खालांचा हात धरून दर्ग्याच्या पायऱ्या चढत होतो. खाला आदल्या संध्याकाळी हैफाहून आमच्या अतिथिगृहात उतरल्या होत्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, पण झोपायला काही तयार नव्हत्या. सकाळी चहासुद्धा अर्धाच प्यायल्या. म्हणाल्या, "होशिम, आधी कडी. चहा काय, पळून जातोय?"

आमच्या कुहनापुलमध्ये गाव सोडून जाणारा माणूस ख्वाजा पीरांच्या दर्ग्याच्या दाराशी येतो, पितळी कडी मुठीत धरून क्षणभर उभा राहतो आणि निघतो. परत आला की घरी जाण्याआधी तीच कडी वाजवतो. नमाज विसरलेली माणसंही एवढं विसरत नाहीत. मी रशियात विटा रचायला दोनदा गेलो; दोन्ही वेळा धरली, दोन्ही वेळा वाजवली.

नेमकी त्या दिवशी दुपारी पोरांची बस निघायची होती. थंडी ओसरली की गाव असं रिकामं होतं. दारासमोर पिशव्या घेतलेली पोरं, त्यांच्या आया, नव्या लग्नाच्या बायका, सगळे जमले होते. आणि जिथे कडी असायची तिथे एक भोक. त्यातून आतला अंधार दिसत होता.

खालांनी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

"मी उशीर केला," त्या हळूच म्हणाल्या.

हुर्मतबीबी गर्रकन वळली. तिचा धाकटा त्याच बसने जायचा होता, त्यामुळे तिचं अर्धं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं.

"ही कोण? काल रात्री गावात पाऊल ठेवते, आणि आज कडी नाही? होशिम, कुणाला आणलंयस तू गावात?"

आणि मग कुणीतरी ओरडलं, "समरकंदचा तो भंगारवाला! त्याची गाडी पुलापाशी आहे. पकडा त्याला!"

२

गावात ठाणं नाही. जिल्ह्याहून माणूस यायचा म्हणजे संध्याकाळ. म्हणून सगळ्यांनी माझ्या थोरल्या बहिणीकडे धाव घेतली. सावरी आपा आयुष्यभर जिल्ह्याच्या कचेरीत तपास अधिकारी होती. निवृत्त झाल्यावर ती फक्त दोन गोष्टी करते: माझ्या अतिथिगृहाचा हिशेब चुकला म्हणून मला बोलते, आणि रोज सकाळी दर्ग्यावर जाऊन कडी पुसते. तिचा परवेज रशियात आहे. हिवाळ्यापासून त्याचा फोन नाही.

आपा आली, आणि गर्दीने आपोआप वाट दिली.

ती कुणाशी बोलली नाही. दार बाहेरून पाहिलं, आत जाऊन पाहिलं, मग मला खुणेनं बोलावलं. कडीचा कोयंडा दारातून आरपार गेलेला असतो आणि त्याचे दोन पाय आतून लाकडावर वाकवलेले असतात.

"बघ, होशिम. पाय आतून सरळ केलेत आणि कोयंडा ओढून काढलाय. लाकडाला कुठे ओरखडा?"

"नाही."

"चोराला एवढी माया असते?"

पुलापाशी पोरांनी भंगारवाल्या तुरोबच्या गाडीपुढे गाढव बांधून ठेवलं होतं आणि मागे स्वतः उभी होती. तुरोब समरकंदहून येतो, घरोघर फिरून जुनी तांब्याची भांडी आणि भरतकामाचे पडदे विकत घेतो. माणूस गोड बोलणारा, पण त्या दिवशी घामाने निथळत होता. आपाने त्याची गाडी उघडायला लावली. भांडी निघाली, पडदे निघाले, त्याच्या बायकोने दिलेले समोसे निघाले. कडी नव्हती.

"विकून टाकली असेल!" मागून कुणीतरी म्हणालं.

तुरोब चिडला. "कुणाला विकणार? गाढवाला? अहो आपा, ती कडी मला फुकट दिली असती तरी मी घेतली नसती."

"का बरं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळ्यांसमोर सांगू? मला इथून जिवंत जायचंय. काल मी ती हातात धरून पाहिली. शेकडो वर्षं लोकांच्या मुठीत राहिलेली कडी कुठेतरी झिजून बारीक होते. ही सगळीकडून सारखी जाड. वरून काळी केलेली. आपा, तुमची कडी नवी आहे."

मला हसू आलं. आपाला आलं नाही. ती तशीच परत दर्ग्यावर गेली आणि दाराच्या लाकडावरून बोट फिरवलं. लोंबती कडी घासून घासून तिथे चंद्रकोरीसारखी खाच पडली आहे, ती आम्ही जन्मापासून पाहतो.

"ही खोल खाच," आपा म्हणाली. "आणि तिच्या आत, ही बघ, दुसरी. उथळ. अजून लाकूड पांढरं आहे."

लहान कडीने पडलेली, पहिलीच्या मानाने ताजी खाच. मला ती आधी कधीच दिसली नव्हती.

"म्हणजे इथे बरीच वर्षं दुसरीच कडी लटकत होती," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. रोज सकाळी आपा तीच कडी पुसत होती ना.

३

झुलाय खाला चायखान्यात नदीकडे तोंड करून बसल्या होत्या. बायका जरा लांब उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या.

"खाला, मला विचारावं लागेल," आपा म्हणाली.

"विचार ना, पोरी. चोर म्हणून का होईना, इतक्या वर्षांनी कुहनापुलमध्ये माझ्याशी कुणी बोलतंय."

"तुम्ही इथल्या?"

"इथलीच. उस्तो ओशेर तांबटाची मुलगी. चायखान्यामागे आमची गल्ली होती, यहुद्यांची. आता तिथे गॅरेज आहे, काल पाहिलं." त्यांनी पेला फिरवला. "आम्ही गेलो तेव्हा मी वीस वर्षांची होते. निघताना गल्लीतल्या सगळ्यांनी कडी धरली. आमचं प्रार्थनाघर वेगळं, पण कडी तीच. बाबांनी मात्र धरली नाही. गाडीत बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, 'ज्याला परत यायचंय त्याने धरावी.' मी धरली. घट्ट."

नदीला बर्फाचं पाणी आलं होतं. खाला त्याकडे बघत राहिल्या.

"हैफात माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. मला त्या समुद्राचा राग येतो. त्याला पलीकडचा काठच नाही. नदीला कसं, पलीकडे कुणीतरी कपडे धूत असतं."

"कडी समोर आली असती तर ओळखली असती?"

"डोळे मिटून." त्यांनी मूठ वळली आणि मधल्या बोटाचं टोक दाखवलं. "आतल्या बाजूला डाळिंबाचं फूल आहे, एवढंसं. दिसत नाही, बोटाला लागतं. बाबांची खूण."

"तुमच्या बाबांची खूण ख्वाजांच्या कडीवर?"

खाला थबकल्या. "दुरुस्त केली होती त्यांनी," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या. चहा कधीच संपला होता.

आपाने ते पाहिलं. पण त्यावर काही विचारलं नाही. तिने माझ्याकडे वळून विचित्रच प्रश्न केला.

"होशिम, तुझा हात दे. पहिल्यांदा रशियाला गेलास तेव्हा कडी धरलीस. बोटाला काही लागलं होतं?"

४

मी आठवत राहिलो. आणि खरंच, लागलं होतं. मधल्या बोटाला काहीतरी खरखरीत. मी परत आलो तेव्हाही लागलं होतं. वाजवताना वाटलं, हां, आलो घरी.

"आणि दुसऱ्यांदा?"

दुसऱ्यांदा कडी गुळगुळीत होती. मला वाटलं, विटा उचलून उचलून माझ्या बोटांचीच जाण गेली. त्या वर्षी मला सगळंच तसं वाटायचं. बायको गेली होती, घरात कुणी नव्हतं, आणि मी मनाशी म्हटलं, चला, आता बोटंही गेली. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. आपाला आता सांगितलं, तर तिने माझं बोट आपल्या हातात धरलं.

"तुझी बोटं चांगली आहेत, वेड्या," ती म्हणाली. "कडी बदलली होती. तुझ्या पहिल्या येण्यानंतर आणि दुसऱ्या जाण्याआधी. तो हिवाळा आठव. गावात काय झालं होतं?"

काय झालं होतं ते गावात कुणीच विसरलं नव्हतं. रशियाहून जस्ताची शवपेटी आली होती. शेख इस्कंदरचा सियोवुश. बांधकामाच्या परांचीवरून पडला होता.

शेख इस्कंदर म्हणजे दर्ग्याचा रखवालदार. त्याचा बाप, आजोबा, सगळे रखवालदारच.

"नाही," मी म्हणालो. "आपा, नाही. तो माणूस मुंगीवर पाय देत नाही."

"मी कुठे काय म्हणतेय? दार आतून कोण बंद करतं? शेख. दोन कड्यांमधला फरक रोज कुणाच्या डोळ्यांपुढे होता? शेखच्या. आणि सकाळपासून एवढा आरडाओरडा चाललाय, शेख कुठे आहे? पण एक गोष्ट मला कळत नाही. इतकी वर्षं ही कडी तिथे सुखात लटकत होती. मग कालच का काढली?"

मला एकदम आठवलं. काल दुपारी नान आणायला गेलो तेव्हा शेख भट्टीपाशी भेटला होता. मीच मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं होतं: आज एक पाहुणी येतेय, उस्तो ओशेरची मुलगी, उद्या सकाळी सगळ्यांत आधी कडी वाजवायला आणतो. शेखच्या हातातली गरम नान खाली पडली होती. मला वाटलं, हात भाजला.

५

शेख दर्ग्यामागच्या आपल्या बागेत होता. हिवाळ्यात मातीखाली निजवलेल्या द्राक्षवेली उचलून मांडवावर बांधत होता. आम्हाला पाहून त्याने काम थांबवलं नाही.

"शेख, कडी द्या," आपा म्हणाली.

"कुठली?"

शब्द तोंडातून गेला आणि त्याचे हात थांबले. वेल हळूहळू खाली सरकली.

"दोन आहेत, नाही का," आपा म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं.

शेख वाफ्याच्या कडेला बसला. त्याने आपल्या जाड झग्याच्या अस्तनीतून कडी काढली आणि मांडीवर ठेवली. रात्रीपासून ती तो अंगावरच बाळगत होता.

"पहाटे नदीपर्यंत गेलो होतो टाकायला. जमलं नाही. किती पोरांचे हात लागलेत हिला."

"आणि खरी?"

शेख आमच्याकडे नाही, वेलीकडे बघून बोलला.

"सियोवुश निघाला तेव्हा उशीर झाला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, बस गेली तरी चालेल, कडी धरून जा. त्याने धरली. हसला. म्हणाला, 'बाबा, आल्यावर इतकी वाजवीन की तुम्ही कानात बोळे घालाल.'" त्याने तोंडावरून हात फिरवला. "आला तो पेटीतून. मीच त्याला आंघोळ घातली. भावांनासुद्धा बाहेर काढलं. उजवा हात अर्धा उघडा होता, सावरी. काहीतरी धरायला निघावा तसा. मिटता मिटेना. मी बाहेर गेलो, कडी काढली आणि त्याच्या हातात दिली. मग कफन बांधलं. आपल्यात मेलेल्याबरोबर काही पुरत नाहीत, हे मीच लोकांना सांगतो. पण माझं पोर घरी येऊन दारात उभं होतं आणि त्याला दार वाजवता येत नव्हतं. मी काय करायला हवं होतं?"

बागेत मधमाश्या घोंघावत होत्या. पुलापाशी गाढव ओरडलं.

"ही मग दूरच्या गावातून ओतून आणली. मापाला द्यायला जुनी नव्हती, सांगून करून घेतली. लहान झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण ओशेरच्या मुलीला पहिल्या स्पर्शात कळलं असतं. मला वाटलं, कडी चोरीला गेली तर लोक हळहळतील. खोटी आहे हे कळलं तर मरतील."

आपाने कडी उचलली. आतून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"माझा परवेज गेला तेव्हा दारावर कुठली होती?"

"सावरी..."

"कुठली होती, शेख?"

"ही."

तिने कडी त्याच्या मांडीवर परत ठेवली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती आता ओरडेल असं मला वाटलं. ती वेलीची सरकलेली फांदी उचलून मांडवाला बांधायला लागली. गाठ नीट बसेना. दोनदा सोडली, पुन्हा बांधली.

"खाली एका निरपराध माणसाला चोर म्हणताहेत," शेवटी ती म्हणाली. "आणि एक म्हातारी परत आलीय तिला त्याहून वाईट बोलताहेत. तुम्ही स्वतः येऊन सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल, आणि आज माझ्याच्याने ते नीट सांगवणार नाही."

६

बस येऊन उभी होती. आयांनी पोरांचे हात धरून ठेवले होते. कडी नाही तर जाणं नाही, असं हुर्मतबीबीने जाहीर केलं होतं आणि ड्रायव्हर कपाळ बडवत होता.

शेख पायऱ्यांवर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. आम्हाला सांगितलं तसंच, फक्त जास्त थोडक्यात. मुलाचं नाव घेताना एकदा अडखळला. तुरोबकडे वळून म्हणाला, "भाऊ, माझ्यामुळे तुझी बदनामी झाली. माफ कर." तुरोबने नुसती मान खाली घातली.

मग गर्दीतून एक बारीक आवाज आला, नव्या लग्नाच्या एका मुलीचा. "म्हणजे माझे हे खोट्याच कडीला हात लावून गेले?"

तेवढ्याने गर्दी हलली. कुजबुज सुरू झाली. कुणी कुणाचं नाव घेत होतं: जो परतला नाही, ज्याने तिकडेच दुसरं लग्न केलं, ज्याचा पाय गेला. आता सगळ्याला कारण सापडत होतं. मला भीती वाटली.

"मला वर न्या," झुलाय खाला माझ्या कानाशी म्हणाल्या.

मी त्यांना पायऱ्यांवर नेलं. त्या शेखच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मी बाबांना शब्द दिला होता, तो आता मोडते," त्या म्हणाल्या. "युद्धाच्या वर्षांत सरकारची माणसं आली आणि गावातलं पितळ गोळा करून घेऊन गेली. ख्वाजांची कडीही नेली. या शेखचे आजोबा गुपचूप माझ्या बाबांकडे आले. म्हणाले, पोरं लढाईवर चाललीत, रिकाम्या दाराशी कशी पाठवू? बाबांकडे पितळ नव्हतं. घरात एक दिवा होता, आमच्या आजीचा, सणाला लावायचे. तो वितळवला. एका रात्रीत कडी केली, जुनीच्या मापाची, आणि आतून आपली खूण ठेवली. तुमच्या आजोबांनी धरली, ती बाबांची कडी. ती तांबटाने केलेली होती, ख्वाजांनी नाही. काही आजोबा परतले. काही नाही परतले."

शेख त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या घरात हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

हुर्मतबीबी पुढे आली. तिने शेखच्या हातातून कडी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ओढणीच्या टोकाने पुसली. मग त्याच्याच हातात परत कोंबली.

"बस सुटायची वेळ झालीय, शेख. ठोका ती दारावर. माझ्या पोराला रात्रीच्या आत सीमा ओलांडायचीय."

आपानेच कोयंड्याचे पाय आतून वाकवले. पोरं एकामागून एक आली, धरून गेली. हुर्मतबीबीचा धाकटा सगळ्यांत शेवटी. तिने खालांची माफी मागितली नाही. तिच्या स्वभावात ते नाही. गरम नान फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली आणि बसच्या मागे धावली.

धुरळा खाली बसल्यावर खालांनी कडी वाजवली. पुन्हा वाजवली. वीस वर्षांच्या मुलीसारखी, जोरजोरात. मग कपाळ दाराला टेकवून उभ्या राहिल्या.

दुपार कलल्यावर त्या शेखला म्हणाल्या, "मला तुमच्या मुलाकडे न्या."

कबरस्तान नदीच्या वरच्या अंगाला आहे. आपा आत आली नाही. आपला मुलगा जिवंत आहे, आपण आत कशाला, म्हणाली, आणि फोन हातात धरून फाटकापाशीच उभी राहिली. आम्ही तिघं गेलो. वाटेत शेखला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो सियोवुशबद्दल बोलायला लागला. पोराला पोहता येत नव्हतं. नदीकाठी जन्मून पोहता येत नव्हतं, आणि तो ते सगळ्यांपासून लपवायचा. शेख हसत होता हे सांगताना. त्या दिवसाआधी इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून मुलाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

कबरीपाशी खालांनी वाकून जमिनीवरचा एक खडा उचलला आणि दगडावर ठेवला.

"हे काय?" शेखने विचारलं.

"आमच्यात असंच करतात. कुणीतरी येऊन गेलं, एवढं कळावं."

शेखने मान हलवली. तो एकटाच उतार उतरून नदीपर्यंत गेला आणि पाण्यात हात घालून बराच वेळ शोधत राहिला. एक उचलायचा, बघायचा, परत टाकायचा. शेवटी एक घेऊन आला आणि खालांच्या खड्याशेजारी ठेवला. खडा ओला होता. तो वाळेपर्यंत आम्ही तिथे उभे राहिलो.